कार्ड भरा आणि निश्चिंत व्हा

मेट्रोचं नाहीतर बसचं स्मार्ट कार्ड रिकामं झालंय? घाबरू नका. पैसे भरण्याची पद्धत अतिशय सोपी आहे आणि ती हमखास यशस्वी होते. म्हणजे तुमच्या खात्यातून पैसे हमखास जातात. ते कार्डात येतात का, ते खातं वेगळं.

खिडकीवर मुळीच जाऊ नका. तिथला माणूस नोट घेतो, कार्ड पॅडवर ठेवतो आणि पैसे तेव्हाच्या तेव्हा चिपमध्ये उतरतात. नशीब असेल तर पावतीही मिळते. इतकं सरळ काम करून घ्यायचं म्हटल्यावर देश डिजिटल कधी व्हायचा? शिवाय ‘हे आमच्या बँकेचं कार्ड नाही’ असं ऐकून परत फिरावं लागण्याची शक्यता आहेच. हे नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड आहे आणि मार्च २०१९ मध्ये त्याचा गाजावाजा ‘एक देश, एक कार्ड’ म्हणून झाला होता, हे त्याला ऐकवू नका. मागे रांग असते.

त्यापेक्षा ॲप घ्या. कार्डाचा नंबर टाका. तो राखाडी प्लास्टिकवर राखाडी शाईत छापलेला असतो आणि पाकिटात घासून नेमके हवे तेच आकडे गेलेले असतात. मग ओटीपी येईल. कार्ड घेताना जो मोबाइल नंबर दिला होता, त्यावर. तो घरातल्या ज्या कोणाचा असेल त्यांना फोन लावा, त्या निमित्ताने चार शब्द बोलणं होतं.

सुविधा शुल्क दिसलं तर आनंदाने भरा. सुविधा कोणाची, हे विचारू नका.

रक्कम टाकली, यूपीआयचा पिन दाबला की स्क्रीनभर हिरवी खूण येते, ‘टॉप-अप यशस्वी’. बँकेचा मेसेज तर त्याच्याही आधी येतो. पैसे कापल्याची बातमी द्यायला बँकेने कधी उशीर केल्याचं ऐकिवात नाही. आता फोन खिशात टाका आणि ऐटीत गेटवर जा. जाताना सकाळची गर्दीची वेळ गाठा, म्हणजे पुढचा कार्यक्रम जास्तीत जास्त लोकांना बघता येईल.

कार्ड टेकवा. लाल दिवा. ‘अपुरी शिल्लक’. पुन्हा टेकवा. जोरात टेकवा. शर्टाला पुसून टेकवा. मागचे काका ‘अहो, बाजूला व्हा’ म्हणतील, तरी टेकवत राहा. पाचशे रुपये भरल्याचा स्क्रीनशॉट गेटला दाखवून बघा. गेट तो वाचत नाही.

कारण गेटला तुमचं बँकेतलं काहीच कळत नाही, आणि कळावं अशी रचनाच नाही. या कार्डाला दोन कप्पे आहेत. एक बँकेच्या सर्व्हरवर, दुसरा कार्डावरच्या चिपमध्ये. ॲपवरून भरलेले पैसे पहिल्या कप्प्यात जाऊन बसतात. गेट फक्त दुसरा बघतं, कारण त्याला अर्ध्या सेकंदाच्या आत दार उघडायचं की नाही ते ठरवायचं असतं आणि तेवढ्यात बँकेला विचारून येणं होत नाही. भुयारी स्टेशनात नाहीतर पुलाखालून जाणाऱ्या बसमध्ये नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून शिल्लक चिपवरच लिहून ठेवायची. यात गैर काही नाही, उलट डोकं वापरलेलं आहे. फक्त पहिल्या कप्प्यातले पैसे दुसऱ्यात कोणीतरी आणून टाकायला हवेत. ते कोणीतरी म्हणजे तुम्ही. स्वतःचेच पैसे स्वतःच वाहून न्यायचे, हमालीही आपणच द्यायची, आणि ही हमाली करायची असते हे सांगायचं मात्र कोणी नाही. हिरव्या खुणेच्या पानावर ते नसतं. ते असतं ‘नेहमी विचारले जाणारे प्रश्न’ या सदरात, सतराव्या प्रश्नाच्या उत्तरातल्या तिसऱ्या वाक्यात.

या हमालीला ‘बॅलन्स अपडेट’ म्हणतात. त्यासाठी स्टेशनवर मशीन असतं. ते गेटजवळ शोधू नका, गेटजवळ गरज असते. ते तिकीट खिडकीच्या पलीकडे, खांबाआड असतं, आणि त्यावर ‘मशीन बंद आहे’ असा कागद असतो. कागदाच्या सेलोटेपचा रंग बघा. पारदर्शक असेल तर मशीन नुकतंच बंद पडलंय. पिवळा असेल तर मशीन आलं तेव्हापासून कागद त्याच्याबरोबरच नांदतोय. मशीन चालू सापडलंच तर पडद्यावर तीन बटणं दिसतील. ‘शिल्लक तपासा’ दाबलंत तर जुनाच आकडा दिसेल आणि तोंडचं पाणी पळेल. ‘पैसे भरा’ दाबलंत तर ते आणखी पैसे मागेल, आणि घाबरलेली माणसं देतातही. दाबायचं असतं ते तिसरं, अपडेटचं. मग कार्ड पॅडवर सपाट ठेवून हात काढायचा. गेटवर टेकवून उचलायची सवय लागलेली असते, तिथेच घोडं अडतं. इथे मशीन बँकेला विचारतं, उत्तर येतं, मग ते चिपवर नवा आकडा लिहितं, आणि ‘पूर्ण झाले’ येईपर्यंत कार्ड जागचं हलता कामा नये. मध्येच उचललंत तर चिपवर जुनाच आकडा राहतो. पैसे बुडत नाहीत, वरच लटकतात, पुन्हा ठेवून बघायचं. हे कुठे लिहिलंय का? मशीनवर? भिंतीवर? त्या मशीनच्या कपाळावर हसऱ्या कुटुंबाचं हातभर लांब पोस्टर लावायला जागा मिळाली, पण ‘कार्ड दहा सेकंद उचलू नका’ एवढे पाच शब्द लिहायला मिळाली नाही.

एनएफसी, म्हणजे टेकवलेलं कार्ड वाचायची क्षमता, असलेला अँड्रॉइड फोन असेल, आणि तुमच्या कार्डाच्या ॲपमध्ये अपडेटची सोय असेल, तर घरबसल्या अपडेट होतं. फोनचं जाड कव्हर काढा, कार्ड पाठीवर हळूहळू सरकवत कुठे लागतं ते शोधा, आणि लागलं की श्वाससुद्धा बेताने घ्या. दोन-चार सेंटिमीटरच्या पलीकडे त्याला काही ऐकू येत नाही. बसमध्ये असाल तर कंडक्टरच्या मशीनमध्येही काही ठिकाणी अपडेटची सोय असते. कंडक्टरला ती असल्याचं सांगायचं राहून गेलेलं असतं.

एकदम मोठी रक्कम भरा. चिपमध्ये दोन हजारांच्या वर मावत नाहीत. आत आधीचे सोळाशे असताना वर आणखी हजार ओतलेत तर पैसे घ्यायला कोणाची हरकत नसते, मशीन मात्र ते आत सोडत नाही. ॲपमध्ये दिसणारा आकडा शिळा असू शकतो, कारण गेटवरचे व्यवहार बँकेकडे मागाहून पोहोचतात, तेव्हा त्यावर विसंबून बेरीज करण्यात वेगळी मजा आहे.

दोन हजार पूर्ण भरले की कार्ड हरवा. चिपमधल्या पैशांना पिन लागत नाही. सापडेल त्याचा प्रवास सुखाचा.

कार्ड पाकिटातून कधीच काढू नका, दुसऱ्या टॅप कार्डाशी त्याची झटापट होऊ द्या.

गळ्यात अडकवायला कार्डाच्या कडेला भोक पाडा. अँटेनाची तार कडेकडेनेच फिरते, एका भोकात काम तमाम.

बाहेर पडताना गेट उघडंच असेल तर टॅप न करता निघा. आत गेल्याची नोंद चिपवर तशीच राहते, उद्या आत शिरताना कळेल.

एवढं करूनही पैसे आले नाहीत तर तक्रार करा. कार्ड देणारी बँक सांगेल, मशीन वाहतूकवाल्यांचं. वाहतूकवाले सांगतील, पैसे बँकेकडे. ॲपवाले तक्रारीचं ‘तिकीट’ काढतील, ज्याने प्रवास होत नाही. तिघेही यूपीआयचा बारा आकडी क्रमांक मागतील आणि तिघांनाही तो पहिल्यांदाच सांगताय असं वाटेल. इथे कोणी जाणता तुम्हाला रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकाची आठवण करून देईल. यूपीआयने दुकानदाराला दिलेल्या पैशांची पोच त्याला मिळाली नाही तर पाच दिवसांत पैसे आपोआप परत, नाहीतर पुढे रोज शंभर रुपये भरपाई. नियम खरा आहे. पण तो फसलेल्या व्यवहारासाठी. तुमचा व्यवहार कुठे फसलाय? तुमचा तर यशस्वी झालाय, हिरवी खूण आहे ना? म्हणून भरपाई नाही, परतावा नाही आणि कोणाची चूकही नाही.

बास झाली थट्टा. चूक आहे, आणि ती कार्ड भरणाऱ्याची नाही.

पैसे चिपवर आलेले नसताना ‘टॉप-अप यशस्वी’ लिहिणं हे धडधडीत खोटं आहे. तिथे ‘रक्कम मिळाली. ती अजून कार्डात आलेली नाही. मशीनवर अपडेट करा’ असं लिहायला एका माणसाचा अर्धा दिवस लागेल. ते न करता रोज शेकड्यांनी माणसं लाल दिव्यासमोर उभी करायची, कामाला उशीर झालेली, हातात कार्ड आणि खात्यातून पैसे गेलेले, आणि वर त्यांनाच ‘सर, आधी अपडेट करायचं असतं’ असं ऐकवायचं, हा निव्वळ कोडगेपणा आहे. गेटवरच्या पोरावर ओरडू नका, त्याच्या हातात काहीच दिलेलं नाही. बँकेला लेखी कळवा, तारीख टाका, आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. रक्कम किती का असेना.

आणि गेटच्या तोंडाशी उभं राहून फोन काढून रिचार्ज करणाऱ्यांनो, तुम्हीही बाजूला व्हा. तिथे भरलेले पैसे त्या गेटला दिसणार नाहीत, एवढं वाचून तरी कळलं असेल.

बाकी साहेबांसाठी. अपडेटचं मशीन गेटच्या अलीकडे, डोळ्यांसमोर लावा. बंद पडलं तर कागद चिकटवणाऱ्याला नको, दुरुस्त करणाऱ्याला पाठवा, आणि तो येईपर्यंत गेटवरच्या पोराच्या हातात कार्ड अपडेट करणारं एक चालू मशीन द्या.