एवढ्याशानं काय होतंय?

परवा रविवारी स्टीलचा डबा घेऊन पांढरा रस्सा आणायला गेलो. काउंटरवरच्या पोरानं डबा अदबीनं घेतला, वाफाळता रस्सा पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत भरला, गाठ मारली, पिशवी माझ्या डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. वर बिल चिकटवलं. "सांडाय नको म्हणून," म्हणाला.

गरम रस्स्यात प्लॅस्टिकमधली, हॉर्मोनची नक्कल करणारी रसायनं उतरतील की, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तोच रांगेतल्या एका निवृत्त सरांनी (रसायनशास्त्र शिकवायचे, हे त्यांनीच सांगितलं) खांद्यावर हात ठेवला. "अहो, एवढ्याशानं काय होतंय? विष मात्रेत असतं. पॅरासेल्सस नावाच्या वैद्यानं सोळाव्या शतकातच सांगून ठेवलंय." मागची चार माणसं हसली. घरी येऊन पिशवी कात्रीनं कापताना बोट भाजलं आणि मला अक्कल आली. ती तुम्हाला फुकट देतो.

पहिलं म्हणजे, सोळाव्या शतकाच्या पुढं काही वाचू नका.

दुसरं, सरळ रेषेवर श्रद्धा ठेवा. जास्त खाल्लं की जास्त बाधतं, कमी खाल्लं की कमी. मिरचीचं तसंच असतं, तर हॉर्मोनचं वेगळं कशाला असेल? इस्ट्रोजेन आपल्या रक्तात पिकोग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा भाग, आणि तेवढ्यावर अख्खं शरीर वयात येतं, हे मनावर घेऊ नका. शरीर स्वतःच चिमटीभर हुकमावर चालतं. मग त्या हुकमाची नक्कल करणारं रसायनही चिमटीतच काम साधेल, असला विचार रस्सा थंड करतो.

त्यातूनही कोणी म्हणालं, की थोड्या मात्रेत जो परिणाम दिसतो तो मोठ्या मात्रेत नाहीसा होऊ शकतो, तर त्याला हसा. मात्र नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला गेला असाल तर जरा जपून हसा. गर्दी हाताबाहेर गेली की दार बंद करून रांग अडवतात. त्या घटकेला कोणी फक्त गाभाऱ्यासमोरची माणसं मोजली, तर म्हणेल, आज देवळात कोणी नाही. पेशीचंही तसंच. हॉर्मोनचा मारा फार झाला की ती आपले रिसेप्टर, म्हणजे हॉर्मोन पकडायच्या जागा, कमी करते, दारं लावून घेते, आणि मात्रा-परिणामाचा आलेख वर जाऊन खाली येतो. १९९७ साली गाभण उंदरिणींना डीईएस हे कृत्रिम इस्ट्रोजेन दिलं, तेव्हा अल्प मात्रेनं पिल्लांची प्रोस्टेट ग्रंथी वाढली आणि मोठ्या मात्रेनं घटली. टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कर्करोगावरचं औषध. पुरेशा मात्रेत ते गाठ रोखतं, पण उपचाराच्या सुरुवातीला, औषध रक्तात पुरेसं साठायच्या आत, काही रुग्णांचा त्रास उलट वाढतो. हे सरांना सांगू नका. त्यांना झोप लागायची नाही.

बिल नेहमी तेलकट बोटांनी धरा. (बीपीए म्हणजे इस्ट्रोजेनची नक्कल करणारं एक रसायन. पिशवीत ते असतं असं मी म्हणत नाही. ते पॉलिकार्बोनेट नावाच्या कडक प्लॅस्टिकमध्ये, हवाबंद डब्यांच्या अस्तरात आणि कित्येक थर्मल, म्हणजे शाईविना उष्णतेनं छापलेल्या, बिलांवर मोकळं पसरलेलं असतं. युरोपनं जानेवारी २०२० पासून बिलांवर त्याला ०.०२ टक्क्याची मर्यादा घातली. मग कारखानदारांनी बीपीए काढून बीपीएस घातलं. सख्खा भाऊच तो, फक्त नाव बदलून आला.)

आता मुख्य धडा, सुरक्षित मात्रा कशी ठरवावी. उंदरांना भरपूर रसायन चारा. मग मात्रा उतरवत या. जिथं काही दिसेनासं होईल तिथं थांबा, त्या आकड्याला शंभरानं भागा आणि उत्तर लोकांना वाटा. लोक ज्या मात्रेत रोज जगतात, ती मात्रा उंदरांना चारून बघायची नाही! भागाकार केलाय ना? मग झालं. आणि तपासताना बघायचं काय, तर उंदीर मेला का, वजन घटलं का. त्याच्या पोरांचं पुढं काय झालं ते बघायला वेळ कुणाला आहे? आणि अशा शास्त्राचा आकडा टिकतो किती? बीपीएची रोजची चालण्याजोगी मात्रा युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेनं २००६ मध्ये शरीराच्या दर किलो वजनामागं ५० मायक्रोग्रॅम ठरवली. २०१५ मध्ये ४ केली. २०२३ मध्ये ०.२ नॅनोग्रॅम. म्हणजे आठ वर्षांत वीस हजार पटीनं कमी! शंभर रुपयांची मिसळ अर्ध्या पैशाला. शेवटची घसरण आलेखाच्या वाकडेपणामुळं नव्हती, उंदरांच्या प्रतिकारशक्तीवर परिणाम दिसला म्हणून होती, आणि जर्मनीच्या जोखीम तपासणाऱ्या सरकारी संस्थेला ती अजून पटलेली नाही, हेही सांगतो, नाहीतर सर मला पकडतील. पण मग त्या आठ वर्षांत ज्यांनी ४ मायक्रोग्रॅमच्या भरवशावर पोरांना हवाबंद डब्यातलं चारलं, त्यांनी काय करायचं? कुणी येऊन म्हणालं का, "माफ करा, जरा चुकलं"?

वाकड्या आलेखावर शास्त्रज्ञांचं अजून जुळत नाही, मान्य. प्रत्येक रसायन असं वागतं असंही नाही. पण भांडण मिटलं नाही याचा अर्थ "काही होत नाही" असा तुम्ही कुठून काढला, सर? आयुष्यभर पोरांना प्रयोगवहीत निरीक्षण आधी आणि अनुमान नंतर लिहायला लावलंत ना? मग रस्स्याच्या रांगेत उलटं कसं झालं? आणि हसणारे तुम्ही चौघं, तुमच्यातल्या एकाच्या हातात दोन वर्षांची पोरगी होती आणि ती ते बिल चघळत होती. मी बघितलं. तुम्ही नाही बघितलं, कारण तुम्ही हसत होता.

आणि तू रे पोरा, तुझ्यावर राग नाही. तुला जसं शिकवलं तसं तू केलंस. मालकावर आहे. गिऱ्हाईक घरनं डबा घेऊन येतंय, पळी तुमच्या हातात आहे, पातेलं समोर आहे. मधे पिशवी कशाला घालता?

येत्या रविवारी पुन्हा येणार आहे. डबा उघडून धरीन. थेट ओता.