‘९ सेकंदांच्या कामाला ३१ सेकंद दाखवणारं टूल’: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

तुमचा एक तारा आणि त्याखालचा मजकूर दोन्ही नीट वाचले. तुमच्या तीन तक्रारी आहेत: फोटो लहान करणाऱ्या प्रोग्रामला घड्याळाप्रमाणे ९ सेकंद लागले पण प्रोग्रामचा वेळ मोजणाऱ्या आमच्या टूलने ३१ दाखवले, २० मिनिटं चाललेल्या स्क्रिप्टला फक्त २ सेकंद दाखवले, आणि आमच्या मदत कक्षाने ‘संगणक रीस्टार्ट करून बघा’ एवढंच सांगितलं. शेवटच्या गोष्टीबद्दल आधी माफी मागतो. ते उत्तर तुमचा प्रश्न न वाचताच दिलं गेलं होतं.

आता पहिली तक्रार. तो आकडा बरोबर आहे. तुम्हीच जोडलेल्या चित्रात टाइम या वेळ मोजणाऱ्या कमांडच्या तीन ओळी दिसतात: रिअल ९.१, यूजर ३०.४, सिस ०.७ सेकंद. रिअल म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाचा वेळ. यूजर म्हणजे प्रोग्रामचा स्वतःचा कोड चालवण्यात प्रोसेसरचा गेलेला वेळ आणि सिस म्हणजे प्रोग्रामच्या वतीने कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) केलेल्या कामाचा. शेवटच्या दोघांची बेरीज ३१.१. हाच सीपीयू (प्रोसेसर) वेळ, आणि आमचं टूल तोच दाखवतं. तुमचा प्रोग्राम चार थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) लावून काम करतो. चार माणसांनी दोन-दोन तास काम केलं तर मजुरी आठ तासांची होते, तसंच हे. ३१.१ ला ९.१ ने भागा, साधारण ३.४ येतात: प्रोसेसरचे सरासरी तितके कोर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) सतत राबत होते. टॉपमध्ये (चालू प्रोग्रामांचा वापर दाखवणाऱ्या कमांडमध्ये) तुम्हाला ३४० टक्के दिसले ते याचमुळे, कारण तिथे एका कोरचे १०० टक्के धरलेले असतात.

तरीही चूक आमचीच म्हणेन. आमच्या पडद्यावर त्या आकड्याशेजारी नुसतं ‘वेळ’ असं लिहिलं होतं. ते वाचून कोणीही घड्याळाचाच वेळ समजेल. आता तिथे ‘सीपीयू वेळ’ आणि ‘घड्याळाचा वेळ’ असे दोन वेगळे रकाने दिले आहेत.

दुसऱ्या तक्रारीत मात्र तुमचं शंभर टक्के खरं आहे, आणि ही चूक लेबलाची नाही, मोजण्याचीच आहे. तुमची स्क्रिप्ट स्वतः जवळजवळ काहीच करत नाही. ती प्रत्येक व्हिडिओसाठी दुसरा प्रोग्राम सुरू करते आणि तो संपायची वाट बघत झोपते. झोपलेल्या प्रोसेसच्या (म्हणजे चालू केलेल्या प्रोग्रामच्या) खात्यावर सीपीयू वेळ चढत नाही. लिनक्स प्रत्येक प्रोसेसच्या स्टॅट फाइलमध्ये यूटाइम आणि एसटाइम (वरचे यूजर आणि सिस वेळ) ठेवतं, आम्ही तेवढेच दोन वाचत होतो. मुलांचा, म्हणजे प्रोसेसने सुरू केलेल्या दुसऱ्या प्रोसेसचा वेळ त्याच फाइलमध्ये सीयूटाइम आणि सीएसटाइम या वेगळ्या रकान्यांत असतो, आणि तोही मूल संपून पालकाने वेट केल्यावरच (ते संपल्याची नोंद घेतल्यावरच) तिथे जमा होतो. म्हणजे हे दोन रकाने जोडले असते तरी चालू असलेलं मूल सुटलंच असतं. असा हिशेब ग्राहकाच्या हाती देणं मला मान्य नाही.

नव्या आवृत्तीत आम्ही तुमची कमांड वेगळ्या सीग्रुपमध्ये (लिनक्स ज्याचा एकत्र हिशेब ठेवतं अशा प्रोसेसच्या गटात) सुरू करतो आणि त्या गटाच्या सीपीयू.स्टॅट फाइलमधला एकूण वापर मायक्रोसेकंदांत वाचतो. मुलं, नातवंडं, चालू, संपलेली, सगळी त्यात येतात. जिथे सीग्रुप तयार करायची परवानगी नसेल तिथे टूल जुन्या पद्धतीवर जाईल, पण आकड्याखाली ‘चालू उप-प्रोसेस धरलेल्या नाहीत’ असं स्पष्ट लिहून.

याच तपासात आणखी एक दोष सापडला, जो तुम्ही लिहिलेला नाही. स्टॅट फाइलमधला वेळ टिक्समध्ये असतो, बहुतेक यंत्रांवर सेकंदाला १००, म्हणजे एक टिक १० मिलिसेकंदांची. त्यामुळे ४ मिलिसेकंदांत आटोपणारा प्रोग्राम आमच्याकडे ०.०० दिसायचा. सीग्रुपच्या आकड्यात ती अडचण उरत नाही.

अपडेट केल्यावर तीच २० मिनिटांची स्क्रिप्ट पुन्हा चालवून बघा. आकडा तरीही पटला नाही तर टूलच्या मेनूतून लॉग पाठवा, तो मी स्वतः उघडेन. पैसे परत हवे असतील तर तेही मिळतील, त्यासाठी रिव्ह्यू बदलायची अट नाही.