कोपर, अंगठा आणि बॉलची वाट

नमस्कार भाऊ,

एनबीए, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला खेळाडू स्टीफन करी, याच्या शॉटवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलं: ‘कोपर बाहेर असलेल्या पोरीचा शॉट तुम्ही तसाच ठेवला. तिचा डावा अंगठाही बॉल ढकलतो. वर उदाहरण कोणाचं, तर उडी पूर्ण व्हायच्या आधीच बॉल सोडणाऱ्या करीचं. अशानं पोरांची सवय बिघडते. तुम्ही स्वतः नॅशनल खेळलात का?’

नाही खेळलो. बाकीच्याचं उत्तर सविस्तर देतो.

उडीच्या टोकाला बॉल सोडायचा, हे मलाही असंच शिकवलं होतं. पण टोकाला पोचेपर्यंत पायांचा जोर संपलेला असतो, पुढचं सगळं काम खांदा आणि मनगटावर येतं. भरल्या अंगाच्या खेळाडूला ते झेपतं. आमच्या दारव्ह्याकडच्या आठवी-नववीच्या पोरांना नाही झेपत, आणि रिंग तर त्यांच्यासाठीही 3.05 मीटरवरच असते. मग ती बॉल छातीपासून फेकतात आणि तो सपाट जातो. सपाट बॉलचं नुकसान साध्या हिशेबात दिसतं. रिंगचा व्यास 45 सेंटिमीटर, 7 नंबरच्या बॉलचा साधारण 24. बॉल 45 अंशांत उतरला तर त्याला सुमारे 32 सेंटिमीटरची वाट मिळते. 30 अंशांत उतरला तर फक्त साडेबावीसची, म्हणजे कडेला न घासता तो शिरूच शकत नाही. करी गुडघे सरळ होत असतानाच बॉल वर नेतो, मध्ये अडवत नाही, म्हणून पायांचा जोर बॉलपर्यंत पोचतो. मला पोरांसाठी त्याच्याकडून हवं आहे ते एवढंच.

शॉट बदलूच नये, असंही मी म्हणत नाही. शाळेत असताना करी बॉल खालून, कमरेजवळून उचलायचा. वडील डेल करी स्वतः एनबीए खेळलेले. त्यांनी एका उन्हाळ्यात त्याला बॉल डोक्यावरून सोडायला लावलं. तो उन्हाळा फार वाईट गेला, जवळूनसुद्धा बॉल पडेना. पण बदलाला कारण होतं: उंची कमी, आणि खालून निघालेला बॉल समोरचा सहज अडवणार. त्याच मुलानं पुढे 2015-16 च्या हंगामात 402 थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून मारलेले तीन गुणांचे बास्केट, केले.

आता आमची पोरगी. ती नववीत आहे. शाळेत 7 नंबरचेच बॉल आहेत, खरं तर मुलींना 6 नंबरचा हवा. मैदान मुरमाचं, रिंगला जाळी नाही, त्यामुळे बॉल आतून गेला की बाजूनं, हे लांबून कळत नाही. म्हणून मी मोबाइल कडुनिंबाला बांधून तिच्या पाठीमागून व्हिडिओ काढतो. कोपर बाहेर आहे, मान्य. पण तिचे चुकलेले बॉल बहुतेक रिंगच्या पुढच्या कडेला लागतात. कोपराचा दोष असता तर ते डावी-उजवीकडे गेले असते. बॉल कमी पडतो तेव्हा मी पायांकडे बघतो. ‘सर, बॉल पोहचूनच नाही राहिला,’ ती स्वतः म्हणते. गुडघे थोडे जास्त वाकवले की पोहचतो.

अंगठ्याचं मात्र तुम्ही बरोबर पकडलं. तुमची प्रतिक्रिया वाचून तो व्हिडिओ पुन्हा अगदी हळू करून पाहिला. दमल्यावरच्या शेवटच्या दहा शॉटमध्ये तीन बॉल उजवीकडे गेले होते आणि मी ते वाऱ्याच्या नावावर टाकले होते. तिन्ही वेळा डावा अंगठा बॉलमागे वळलेला दिसतो, बॉलही आडवा फिरत जातो. हे माझ्या नजरेतून सुटलं. ‘डावा हात स्वच्छ आहे’, म्हणजे तो बॉल ढकलत नाही, हे वाक्य मी लेखातून काढलं आहे.

सोमवारपासून सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, ती रिंगपासून दोन पावलांवरून फक्त उजव्या हातानं पन्नास शॉट मारते. डावा हात पाठीमागे. कोपराला मी अजून हात लावलेला नाही. अंगठा सुटल्यावरही बॉल बाजूला जात राहिले, तर लावीन आणि तसं इथेच लिहीन.