मिन्समीटमध्ये मीट नाही म्हणे!

ते फॉरवर्ड परत फिरायला लागलंय. ब्रिटिशांच्या पदार्थांची नावं म्हणजे निव्वळ थापा, मिन्समीटमध्ये मीट नाही, पुडिंग चक्क रक्ताचं, बॉम्बे डक म्हणजे मासा, आणि बिचारे अमेरिकन गोंधळतात कारण त्यांची नावं कशी सरळसोट! हसायला ठीक आहे, पण यातलं बरंचसं चुकीचं आहे.

मिन्समीट घ्या, म्हणजे ख्रिसमसच्या मिन्स पाय नावाच्या छोट्या पेस्ट्रीत भरायचं सारण. आज त्यात बेदाणे, सफरचंद, मसाले, ब्रँडी असते हे खरं, पण पूर्वी खरंच मांस असायचं. हॅना ग्लास या इंग्रज लेखिकेच्या १७४७ च्या पाककृतींमध्ये मिन्स पायसाठी, मांस हवं असेल तर जीभ उकडून घाला असं दिलंय, म्हणजे तेव्हाच ते 'हवं असेल तर' वर आलं होतं. मांस गेलं, नाव राहिलं. आणि तसं पूर्ण गेलेलंही नाही बरं का, पारंपरिक मिन्समीटमध्ये सूएट पडतं, म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी, तेव्हा लंडनमधल्या आपल्या शाकाहारी मंडळींनी 'मीट नाही' वर विसंबून ख्रिसमसला मिन्स पाय हाणू नयेत, पाकीट वाचावं. व्हेजिटेबल सूएटवालेही मिळतात.

पुडिंगचं तर फॉरवर्डवाल्यांनी पार उलटं केलंय. आतड्यात सारण भरून उकडायचं ते मूळ पुडिंग, म्हणजे रक्ताचं ब्लॅक पुडिंग हेच जुनं आणि गोडवालं नंतरचं. सतराव्या शतकात लोक फडक्यात बांधून उकडायला लागले, आतडी मिळवायची कटकट संपली, मग पीठ, सूएट, सुकामेवा असं करत करत ते गोडाकडे गेलं. यॉर्कशायर पुडिंग तर अजून रोस्ट आणि ग्रेव्हीसोबतच खातात. अमेरिकेत मात्र पुडिंग म्हणजे कस्टर्डसारखं मऊ गोड, बास, एवढंच उरलं.

स्पॉटेड डिक या गोड पुडिंगच्या नावावर जे दात काढतात त्यांच्यासाठी: ठिपके बेदाण्यांचे, डिक हा पुडिंगसाठीचा जुना बोलीतला शब्द, आणि हे नाव १८४९ च्या छापील कृतीत आहे. पुढे चला.

आता आपला बोंबील. बॉम्बे डक हे नाव 'बॉम्बे डाक' गाडीतून सुके बोंबील जायचे, त्यांचा वास यायचा म्हणून पडलं, ही गोष्ट तर आपल्याकडेही लोक ठासून सांगतात. अरे पण बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली १८५३ ला, आणि बॉम्बे डक हे इंग्रजीत त्याच्या कितीतरी आधी छापून आलेलं आहे! गाडीच नव्हती तर डाक कुठली?

आणि अमेरिकनांची नावं सरळ? ग्रेप-नट्स या नाश्त्याच्या सिरियलमध्ये ना द्राक्षं ना नट्स, न्यूयॉर्कच्या एग क्रीम या पेयात ना अंडं ना क्रीम (दूध, सोडा, चॉकलेट सिरप), आणि बॉस्टन क्रीम पाय हा पाय नाहीच, केक आहे, वर मॅसॅच्युसेट्सचं अधिकृत डेझर्ट.

यात खरी गोची होते ती आपल्यासारख्यांची, कारण आपण बोलतो ब्रिटिश आणि जातो न्यू जर्सीला. बिस्कीट मागितलं की पावासारखं मऊ खारट काहीतरी येतं ते चालून जातं एक वेळ, पण मंचुरियनसाठी कॉर्नफ्लोअर आणाल तर घरी मक्याचं पीठ येईल आणि ग्रेव्ही रवाळ होईल. तिकडे पाकिटावर कॉर्नस्टार्च लिहिलेलं असतं, ते घ्या.