नवाबाने जकात लादली म्हणून बक्सर झालं?

बक्सरच्या लढाईवरचा एक मजकूर गेले काही महिने फिरतो आहे. इतिहासाची आवड असलेल्या चार जणांनी मला तो वेगवेगळ्या वेळी पाठवला, म्हणून सविस्तर लिहितो. मजकुराचं म्हणणं असं: १७१७ च्या बादशाही फर्मानाने बंगालमध्ये इंग्रजांना करमाफी होती. बंगालचा नवाब मीर कासिम याने ती मोडून जबर जकात मागितली. लोकांना छळलं ते इंग्रजांच्या नोकरीतल्या गुमास्त्यांनी, आणि गुमास्ते तर आपलेच, त्यात इंग्रजांचा दोष नाही. पुढे नवाबाने पाटण्यात इंग्रज कैदी मारले आणि कंपनीला नाइलाजाने लढावं लागलं. म्हणजे मुक्त व्यापाराची बाजू इंग्रजांची आणि लुटारू सरकारची बाजू नवाबाची.

यातलं फर्मान खरं आहे, पाटण्याची कत्तलही खरी आहे. बाकीचं तपासून पाहू.

आधी फर्मान. मुघल बादशाह फर्रुखसियरने ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला ३,००० रुपयांच्या बदल्यात बंगालमध्ये जकातमाफी दिली. माल कंपनीचा आहे हे दाखवायला कलकत्त्याहून दस्तक, म्हणजे परवाना, मिळायचं. ते दाखवलं की चौकीवर नाव अडवायची नाही. ही सवलत कंपनीच्या मालाला होती, म्हणजे जहाजाने परदेशी जाणाऱ्या आणि परदेशातून येणाऱ्या मालाला. कंपनीतला एखादा कारकून स्वतःच्या पैशाने मीठ विकत घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात विकणार असेल, तर त्याचा या फर्मानाशी संबंध येत नाही. बंगालचा तेव्हाचा सुभेदार मुर्शिद कुली खान याने तेव्हाच असा गैरवापर रोखून धरला होता. पुढे नवाब सिराज-उद्-दौलाच्या कंपनीविरुद्धच्या तक्रारींतही दस्तकाचा गैरवापर ही एक ठळक तक्रार होती.

मग १७५७ ला प्लासी झाली आणि अडवणारा कोणी उरला नाही. कंपनीच्या नव्या कारकुनाचा पगार वर्षाला पाच पौंड. कमाई सगळी खासगी व्यापारात. मीठ, सुपारी, तंबाखू या रोजच्या लागणाऱ्या जिनसांत, अगदी गावपातळीवर, साहेब लोक उतरले, आणि कंपनीच्या मालासाठी असलेलं दस्तक स्वतःच्या मालाला लावू लागले. देशी व्यापाऱ्यांनाही दस्तकं विकली गेली. मीर कासिमने फर्मान मोडलं असं म्हणणाऱ्यांनी एवढं एक पाहावं: लंडनमधल्या कंपनीच्या संचालकांनीच ८ फेब्रुवारी १७६४ च्या पत्राने हा अंतर्गत खासगी व्यापार बंद करण्याचा हुकूम दिला. फर्मानाने तो हक्क दिलेला असता, तर मालकांनी तो का काढून घेतला असता?

आता गुमास्त्यांचा मुद्दा. मजकुरातला हाच भाग लोकांना पटतो, म्हणून इथे जरा थांबतो. गुमास्ता हा शब्द आपल्याला परका नाही. मुंबईतला दुकानदार आजही दुकानाच्या परवान्याला 'गुमास्ता लायसन' म्हणतो. गुमास्ता म्हणजे मालकाच्या वतीने खरेदी-विक्री करणारा नोकर. बंगालमधले हे गुमास्ते तिथलेच होते, त्यांनी लोकांना पिळलं, आणि त्यात त्यांनी स्वतःचंही भरून घेतलं. हे नाकारायचं कारण नाही.

पण त्यांना हे करता कशामुळे आलं? मे १७६२ मध्ये बाकरगंजहून सार्जंट ब्रेगो नावाच्या एका इंग्रजाने वर कळवलं की साहेबाचा गुमास्ता गावात येतो, लोकांना त्याचा माल घ्यायला किंवा स्वतःचा माल त्याला विकायला भाग पाडतो, कोणी नाही म्हटलं तर फटके नाहीतर कैद. पूर्वी न्याय सरकारी कचेरीत व्हायचा, आता प्रत्येक गुमास्ता न्यायाधीश झाला आहे आणि त्याचं घर हीच कचेरी. त्याच महिन्यात मीर कासिमनेही कलकत्त्याला लिहिलं: हे लोक रयतेचा आणि व्यापाऱ्यांचा माल चौथाई किमतीत उचलतात, एक रुपयाच्या वस्तूचे पाच रुपये घेतात, आणि जकात बुडाल्यामुळे माझं वर्षाला सुमारे पंचवीस लाखांचं नुकसान होतं. वॉरन हेस्टिंग्ज तेव्हा भागलपूरकडून प्रवास करत होता. नदीवर इंग्रजी निशाण नसलेली नाव क्वचितच दिसली, आणि आपली माणसं येताना पाहून गावकरी दुकानं बंद करून पळाले, असं त्याने एप्रिल १७६२ मध्ये लिहिलं. तो कंपनीचाच माणूस होता. नवाबाची बाजू घेण्याचं त्याला काही कारण नव्हतं.

नवाबाच्या अंमलदाराला हा गुमास्ता पकडता येत नव्हता, सगळी मेख इथे आहे. पकडला तर इंग्रज वखारीचे शिपाई येऊन त्याला सोडवत, वर अंमलदारालाच बांधून नेत. १७६२ च्या अखेरीस गव्हर्नर व्हॅन्सिटार्ट आणि हेस्टिंग्ज मुंगेरला नवाबाकडे गेले. तिथे ठरलेल्या करारात दोन गोष्टी होत्या: इंग्रजांच्या खासगी मालावर नऊ टक्के जकात, आणि गुमास्त्यांच्या तंट्यांचा निवाडा नवाबाच्या अधिकाऱ्यांकडे. कंपनीचा बंगालमधला कारभार पाहणाऱ्या कलकत्ता कौन्सिलने दोन्ही फेटाळल्या. जकात फक्त मिठावर अडीच टक्के, बाकी मालावर काहीच नाही, आणि गुमास्त्यांचे तंटे इंग्रज वखारींचे प्रमुख सोडवतील, असं बहुमताने ठरलं. विरोधात होते फक्त व्हॅन्सिटार्ट आणि हेस्टिंग्ज. गुमास्ते आपलेच होते हे खरं. पण त्यांना देशाच्या कायद्याबाहेर ठेवण्याचा ठराव कलकत्त्याला, इंग्रजांच्या मतांनी झाला. त्या ठरावाचा दोष बंगालच्या माथी मारू नका.

उलट बाजूही बघा. नवाबाचा नोकर असलेला खोजा अंतून हा आर्मेनियन व्यापारी नवाबाच्याच वापरासाठी थोडा सोरा (बंदुकीच्या दारूत लागणारा क्षार) विकत घेत होता. सोऱ्याचा मक्ता कंपनीकडे, म्हणून पाटण्याच्या वखारीचा प्रमुख विल्यम एलिस याने त्याला पकडून बेड्या घालून कलकत्त्याला पाठवलं. साहेबाच्या नोकराला नवाब हात लावू शकत नाही, पण नवाबाच्या नोकराला, नवाबाच्याच मुलखात, साहेब बेड्या घालू शकतो. हा प्रसंग वाचला की मला आजही चीड येते.

नवाबाची बाजू निर्मळ होती असं मी म्हणत नाही. त्याच्या चौक्यांवरही अडवणूक व्हायची. मुंगेरच्या कराराला कौन्सिलची मंजुरी येण्याआधीच त्याने अंमल सुरू केला, त्यामुळे कलकत्त्यात आयतं निमित्त मिळालं. ही त्याची चूक होती.

आता 'जबर जकात'. नऊ टक्के हा आकडा इंग्रज गव्हर्नरने स्वतः मान्य केलेला. त्याच वेळी देशी व्यापारी काही मालावर पंचवीस टक्के किंवा त्याहून जास्त भरत होता. म्हणजे शंभर रुपयांच्या मिठावर त्याचे पंचवीस जाणार, साहेबाचे अडीच. असा व्यापारी किती दिवस टिकणार?

कौन्सिलने नऊ टक्के नाकारल्यावर मार्च १७६३ मध्ये मीर कासिमने जे केलं, त्याचा त्या मजकुरात उल्लेखच नाही. त्याने सगळ्यांची जकात दोन वर्षांसाठी माफ केली. इंग्रज, आर्मेनियन, बंगाली, सगळे एका पातळीवर. स्वतःचं उत्पन्न सोडून. कंपनीला मुक्त व्यापार हवा होता तर तो हाच होता. इंग्रजांना एक पैसा द्यायचा नव्हता. तरी कौन्सिलने याला आगळीक ठरवलं. ॲमियट आणि विल्यम हे (Hay) या दोन इंग्रजांना मुंगेरला पाठवलं आणि मागणी केली की नवाबाने स्वतःच्या रयतेवर जकात पुन्हा बसवावी. शेजारचा भरतो तोवरच आपल्या माफीला किंमत होती, आणि ती किंमत टिकवण्यासाठी कौन्सिल युद्धालाही तयार झालं.

पाटण्याची कत्तल ऑक्टोबर १७६३ मधली. समरू नावाने ओळखल्या जाणाऱ्या वॉल्टर राइनहार्टने नवाबाच्या हुकमाने कैद्यांना मारलं. निःशस्त्र कैदी मारणं हा गुन्हाच, त्याला सबब नाही. पण ते युद्धाचं कारण कसं असेल? एलिसने पाटणा शहरावर हल्ला केला तो जूनमध्ये, चार महिने आधी. जुलैत कंपनीने मीर कासिमच्या आधीचा नवाब मीर जाफर याला पुन्हा नवाब केलंही होतं. कत्तल झाली तेव्हा काटवा, घेरिया आणि उधुआ नाला या लढाया हरून मीर कासिम पळतीवर होता.

मीर जाफरशी जुलै १७६३ मध्ये झालेल्या तहात देशी व्यापाऱ्यांची माफी रद्द झाली. त्यांची जकात पुन्हा सुरू, इंग्रजांना मिठावर अडीच टक्के, बाकी माफ. युद्ध कशासाठी झालं ते या एका कलमात लिहिलेलं आहे.

ऑक्टोबर १७६४ मध्ये बक्सर झालं, कंपनी जिंकली, आणि ऑगस्ट १७६५ मध्ये मुघल बादशाह शाह आलमने तिला दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, दिली. बंगालचा महसूल कंपनीच्या हातात आला. १७७३ मध्ये त्याच हेस्टिंग्जने दस्तकं बंद केली आणि मीठ, सुपारी, तंबाखू वगळून सगळ्या मालावर, युरोपीय असो वा देशी, सरसकट अडीच टक्के जकात लावली. ती आता कंपनीच्याच खजिन्यात जमा होत होती.