पहाटे साडेपाचला उठवणारी ताई

धाकट्या भावाला डिप्रेशनचं निदान झालं तेव्हा, खरं सांगते, मला आतून जरा बळच आलं होतं. इतकी वर्षं योगासनं करतेय, आयुर्वेदाचं थोडंफार वाचलंय, आता ते घरच्या माणसाच्या कामी येणार! लगेच वेळापत्रक काढलं. ब्राह्ममुहूर्तावर उठणं, बारा सूर्यनमस्कार, कपालभाती, वीस मिनिटं ध्यान. रंगीत पेनांनी लिहून त्याच्या कपाटावर चिकटवलं.

त्याचा डोळाच पहाटे चारला लागायचा आणि मी साडेपाचला पांघरूण ओढायचे.

पाचव्या दिवशी बघते तर तो पलंगाच्या कडेला बसलेला, हातात पेस्ट लावलेला ब्रश. दहा मिनिटांनी पुन्हा डोकावले, तरी तसाच. पेस्ट घसरून गुडघ्यावर पडली होती. "ताई, बेसिनपर्यंत जाताच येत नाहीये गं," म्हणाला. मी गुडघा पुसला आणि तो कागद काढून टाकला.

"जरा योग कर, सकाळी लवकर ऊठ, आपोआप बरं वाटेल" हे वाक्य मी स्वतः इतरांना किती वेळा ऐकवलंय, आठवलं की लाज वाटते. ज्या शक्तीच्या जोरावर माणूस लवकर उठतो, तीच या आजाराने काढून घेतलेली असते. शिवाय अनेकांना सकाळीच सगळ्यात वाईट वाटतं, संध्याकाळी थोडं हलकं. आणि हा आळस नाही, हे आपल्या परंपरेलाही ठाऊक आहे. पतंजलींनी योगमार्गातले नऊ अंतराय, म्हणजे अडथळे, मोजले, त्यात 'स्त्यान' वेगळं आणि 'आलस्य' वेगळं. स्त्यान म्हणजे चित्ताची अकर्मण्यता, असं व्यासभाष्य सांगतं. पुढच्याच सूत्रात दुःख आणि दौर्मनस्य, म्हणजे मनाची खिन्नता, येतं. म्हणजे भाऊ ज्यात अडकला होता त्याला तिथे नाव होतं, आणि मी त्याला आळशी समजून हलवत होते.

माझा दुसरा घोळ पदाचा. चरकांनी चिकित्सेचे चार पाद सांगितलेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रुग्ण. उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा. सेवेचं ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि स्वच्छता हे त्याचे गुण. निदान करणं, औषध ठरवणं त्याच्याकडे नाही. मी वैद्याच्या खुर्चीत जाऊन बसले होते आणि उपस्थात्याची जागा रिकामी होती.

मग दिनचर्या त्याची न बदलता घराची बदलली. रात्री साडेदहाला सगळ्यांचेच दिवे आणि मोबाइल बंद. उठायची वेळ सकाळी आठ, पण रोज तीच. ती पंधरा-पंधरा मिनिटांनी मागे आणायला दोन महिने लागले. उठल्यावर उन्हात खुर्ची टाकायची, मी शेजारी बसायचं, बोलायचं काही नाही. (हे 'काही नाही' मला सगळ्यात जड गेलं.)

आणि पादाभ्यंग. रात्री वाटीत कोमट तिळाचं तेल, तळपायाला दहा मिनिटं, मग जुने मोजे. तेल चोळताना उपदेश करायचा नाही, हा नियम मी स्वतःला घातला. पहिले काही दिवस तो भिंतीकडे बघत राहायचा. एके रात्री म्हणाला, "आज तेल जास्त गरम आहे." कितीतरी दिवसांनी त्याने कशाबद्दल तरी तक्रार केली होती! स्वयंपाकघरात जाऊन मी रडले.

तेलाने डिप्रेशन बरं होतं असं मी म्हणत नाहीये. पण रोज ठरावीक वेळी, काहीही न मागणारा एक स्पर्श त्याच्या वाट्याला येत होता.

योगातलंही बरंच काढून टाकलं. डोळे मिटून लांबलचक ध्यान नको. मिटल्या डोळ्यांआड तेच ते विचार गरगरत राहायचे, शवासनात एकदा तो घामाघूम झाला. त्यापेक्षा डोळे उघडे ठेवून ताडासन, हात वर घेत श्वास, पाच भ्रामरी. जोरकस श्वसनाचे प्रकार तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. ज्यांना बायपोलर (कधी उदासी, तर कधी उन्माद असा आजार) आहे त्यांच्यात त्याने उन्माद उसळू शकतो.

आता डॉक्टरांनी दिलेल्या डिप्रेशनच्या गोळ्या. एका हितचिंतकांनी "ही रसायनं कशाला, नैसर्गिक घे" म्हटलं आणि भावाने आम्हाला न सांगता गोळ्या बंद केल्या. तिसऱ्या दिवशी चक्कर, मळमळ, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके. या गोळ्यांचा गुण यायलाच काही आठवडे लागतात आणि त्या थांबवायच्या तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. नंतर आम्ही गेलो त्या वैद्यांनी नाडीला हात लावायच्या आधी विचारलं, "मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी कुठे आहे? थायरॉइड, बी-१२ तपासलंय का?" मी तिथेच निश्चिंत झाले. अश्वगंधा साधी वनस्पती वाटते, पण ती थायरॉइडच्या पातळ्या हलवू शकते, झोपेच्या गोळ्यांसोबत गुंगी वाढवू शकते, आणि क्वचित यकृतालाही त्रास झाल्याची उदाहरणं आहेत. लिथियम (बायपोलरवर देतात ते औषध) चालू असलेल्या माणसाने तर पंचकर्म परस्पर करूच नये. घाम-जुलाबाने शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. 'नैसर्गिक' म्हणून पुड्या आणून देणाऱ्यांनी एवढं तरी माहीत करून घ्यावं.

आणि एक प्रश्न, जो मी महिनाभर टाळला: "जीव द्यावासा वाटतो का तुला?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. विचारलं तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग "हो" म्हणाला. त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. रात्री-अपरात्री अशी वेळ आली तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. जीव धोक्यात आहे असं वाटलं तर फोनवर न थांबता थेट रुग्णालय गाठा.

आज तो सव्वासातला उठतो. गोळ्या चालू आहेत, समुपदेशनही. मधेच असे तीन-चार दिवस येतात की अंथरूण सोडवत नाही. त्या दिवशी फक्त तेल. सूर्यनमस्कार कधीतरी चार घालतो, पाचव्याला थांबतो. मी मोजत नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर कपालभातीचे व्हिडिओ अजून येतात, तो ग्रुप मी म्यूट केलाय.