थोरल्याआधी धाकटा

परवा मच्छीमार सोसायटीत बोटीच्या डिझेलच्या रांगेत उभा होतो. पुढचा माणूस मागं वळून म्हणाला, "काकांनी तुझा पंखा काढून दिला म्हणे!"

काढून दिला. म्हणे.

पंखा म्हणजे बोटीचा, पाण्याखाली फिरून तिला पुढं ढकलणारा. तो ज्या दांड्यावर बसतो त्या शाफ्टचा बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी, झिजला होता. शाफ्ट ओढायचा तर आधी पंखा उतरवायला हवा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, तेव्हा ही कामं उरकायची. मी अर्थातच जुलैच्या शेवटी हात घातला, कारण गॅसच्या ज्योतीनं धातू तापवून देणारा गॅसवाला तेव्हा रिकामा झाला.

काका म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. बोटीत पाय ठेवला की त्यांना उलटी होते, हे अख्ख्या वाडीला माहीत आहे. पण किनाऱ्यावर कुणी पाना उचलला की माशाच्या उलट्या क्रेटवर छत्री धरून ते हजर.

"ठोक!" हा त्यांचा पहिला शब्द.

"काका, शाफ्टच्या टोकावर ठोकायचं नसतं. आटे चेपतात, धक्का पार गिअरबॉक्सपर्यंत जातो."

"मग काय आरती करणार?"

पंखा निमुळत्या शाफ्टवर इतका घट्ट बसतो की नुसता नट काढून तो हलत नाही. मागून पुलर, म्हणजे पंखा ओढून काढायचं साधन, लावायचा, त्याचे बोल्ट सारखे आवळत न्यायचे, बॉस, म्हणजे पंख्याचा मधला गड्डा, गॅसनं सगळीकडून शेकायचा, मग दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दोन हातोडे. नट मात्र दोन-चार आट्यांवर ठेवायचा, नाहीतर सुटलेला पंखा थेट पायावर. हे सगळं मी पावसात, ताडपत्रीखाली, चिखलात गुडघे रुतवून सकाळपासून करत होतो. दुपारी काका उठले. "वायच बघू दे," म्हणत त्यांनी काठीचं टोक पात्याला टेकवलं. त्याच क्षणी टण्‌कन आवाज झाला आणि पंखा सुटला.

"बघ!" काका म्हणाले.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. गॅसवाल्यानंही वाजवल्या, आणि त्याचे पैसे मी देणार होतो.

१८३६ साली फ्रान्सिस पेटिट स्मिथ नावाच्या एका इंग्रज शेतकऱ्यानं बोटीच्या स्क्रूचं, म्हणजे ह्याच पंख्याच्या पूर्वजाचं, पेटंट घेतलं. कालव्यातल्या चाचणीत त्याच्या लाकडी स्क्रूचा तुकडा मोडून पडला, आणि बोट उलट आणखी जोरात पळाली. असलं नशीब! बरं तर बरं, कालव्याच्या काठावर आमचे काका नव्हते. नाहीतर पेटंट कुणाच्या नावावर झालं असतं, सांगायला नको.

खरा तमाशा पंखा परत बसवताना झाला. नवा बुश आला, शाफ्ट आत गेला. टेपरला, म्हणजे शाफ्टच्या निमुळत्या भागाला, निळा रंग लावून पंखा कुठं टेकतो ते पाहिलं, पेस्ट लावून घासून बसवला. आधी चावीशिवाय, म्हणजे पंखा शाफ्टवर घसरून फिरू नये म्हणून खाचेत बसवायच्या पट्टीशिवाय, चढवून शाफ्टवर खूण केली, मग चावी घालून पाहिलं. तो खुणेपर्यंत आला नाही तर समजायचं की पंखा टेपरवर नाही, चावीच्या डोक्यावर बसलाय. आला. पंखा दोन नटांनी धरतात, एक पातळ, एक जाड. मग मी पातळ नट उचलला.

"हे काय? धाकटा आधी?"

"हो काका. आधी पातळ, त्यावर जाड. वरचा आवळला की ताण वरच्या नटावर येतो, म्हणून वरचा जाड."

काका क्रेटवरून उठले. "थोरला बसलेला असताना धाकट्याचं लग्न? कुठल्या घरात होतं हे?"

"काका, नट आहेत ते."

"आज नट आहेत. उद्या लोक काय म्हणतील?"

एवढ्यात जाळं विणणाऱ्या मावशी उठून आल्या. त्यांच्या मते थोरला मुंबईला असेल तर धाकट्याचं करायला हरकत नाही. कुणीतरी थोरल्याची संमती घ्या म्हणालं. काकांनी खरोखरच जाड नट हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "ह्याचं वय झालंय रे. ह्याला असा मागं ठेवू नकोस." माझ्या हाताला ग्रीस, पाठीवर पाऊस, उधाण परवावर, आणि इथं वधूवर मेळावा! मी नट हिसकावून घेतला, धाकटा, थोरला असे ओळीनं आवळले आणि स्प्लिट पिन घालून तिचे पाय वाकवले.

"केलंस ना मनासारखं," काका म्हणाले, "मग आता भोग."

गंमत सोडा. ह्या वाडीत कामाला बोलावलं तर चार हात मिळत नाहीत. दिवसाची मजुरी देऊनही हातोडा धरायला दुसरा माणूस मिळेना, शेवटी गॅसवाल्याच्याच पाया पडलो. बोट ओढायला धड उतार नाही, ओंडक्यांवरून ढकलायची, त्याचे वेगळे पैसे. पण सल्ला द्यायला क्रेट कमी पडतात.

बोट पाण्यात आहे, पंखा शांत फिरतोय. शेजारच्या बोटीचा पंखा मात्र काल काकांच्या देखरेखीखाली बसला, थोरला आधी. त्यासाठी माझा पुलर नेला होता. तो परत आला तेव्हा एक बोल्ट वाकलेला होता, आणि घेऊन येणारा पोरगा म्हणाला, काकांनी सांगितलंय, तो आधीपासूनच वाकडा होता.